उखळ पांढरं झालं तेव्हा

एखाद्याला बरकत आली की त्याचं ‘उखळ पांढरं झालं’ असं आपण म्हणतो. या वाक्प्रचारातलं पांढरेपण साधं नाही. भात कांडून तूस काढलं की हाती येतो तो तांबूस, करडा तांदूळ. तो पांढरा करायचा तर पुन्हा उखळात घालून सडायचा. दर सडीला बाईचे खांदे भरून येत आणि तांदूळही घटे. पांढराशुभ्र भात सणाला, पाहुण्याला नाहीतर सधन घरात दिसे.

सडताना जातं काय? भाताच्या दाण्याचा सुमारे पाचवा हिस्सा तूस असतं. त्याच्या आत कोंड्याचं पातळ आवरण आणि टोकाशी अंकुर. दोन्ही मिळून दाण्याचा जेमतेम दहावा भाग; पण बी-१ जीवनसत्त्वाचा मोठा साठा, तेल, लोह आणि चोथा एवढ्याशा जागेतच आहे. उखळ-मुसळाने हा थर सहसा पूर्ण निघत नसे. ब्राझीलच्या एंगेलबर्गने १८८०च्या दशकात काढलेल्या यंत्राने तो सहज निघू लागला. पुढे भारतात गावोगावच्या भातगिरण्यांत हाच ‘हलर’ बसला. गिरणीवाल्याची अडचणही खरी होती. कोंड्यातलं तेल लवकर खवट होतं. दूरदेशी न्यायचा, महिनोन् महिने साठवायचा तांदूळ पांढराच हवा.

असा तांदूळ आग्नेय आशियातल्या खाणी, तुरुंग आणि छावण्यांत पोचला, आणि बेरीबेरी वाढली. आधी पाय बधिर होतात, मग सूज चढते, शेवटी हृदय थकतं. रोग जंतूंचा असावा असं गृहीत धरून डच सरकारने १८८६ साली डॉक्टरांचं एक मंडळ जावा-सुमात्राकडे पाठवलं. त्यातला ख्रिस्तियान आइकमन पुढे बटाव्हियातच, म्हणजे आजच्या जकार्तात, राहिला. प्रयोगासाठी पाळलेल्या त्याच्या कोंबड्या एकाएकी लुळ्या पडू लागल्या. ज्यांना काहीच टोचलं नव्हतं त्यासुद्धा. आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्याही झाल्या. शोध घेतला तेव्हा उलगडलं ते स्वयंपाकघरातलं. मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला पांढरा भात मिळत होता. नवा आचारी आला, त्याने लष्कराचा भात बाहेरच्या कोंबड्यांना द्यायला नकार दिला, आणि त्यांच्या पुढ्यात पुन्हा साधा, बिनपॉलिशचा तांदूळ पडला.

माणसांचं काय, हे फोर्डरमन नावाच्या अधिकाऱ्याने जावातले जवळपास शंभर तुरुंग पाहून तपासलं. पांढरा तांदूळ शिजे तिथे ३९ कैद्यांमागे एकाला बेरीबेरी. कोंड्यासकट तांदूळ असे तिथे दहा हजारांमागे एकाला. ‘कोंड्याचा मांडा’ म्हणून ज्याला आपण गरिबीची खूण मानलं, त्यातूनच १९२६ साली यान्सेन आणि डोनाथ यांनी बटाव्हियातच ते रोग टाळणारं द्रव्य, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, स्फटिकरूपात वेगळं केलं.

आपल्या दृष्टीने त्याहून मोलाची गोष्ट मलायात घडली. तिथे चिनी मजूर बेरीबेरीने मरत, तमिळ मजूर मात्र सहसा नाही. तमिळ खात तो उकडा तांदूळ. १९०५ साली क्वालालंपूरच्या मनोरुग्णालयात विल्यम फ्लेचरने अर्ध्या रुग्णांना पांढरा आणि अर्ध्यांना भारतातून आणलेला उकडा तांदूळ दिला. पहिल्या गटातले १८ जण बेरीबेरीने दगावले. दुसऱ्या गटात एकही नाही.

हा उकडा तांदूळ तळकोकणात आणि गोव्यात घरोघरी होत आला आहे. भात भिजवायचं, तुसासकट उकडायचं, अंगणात वाळवायचं, मग कांडायचं. उकडताना कोंड्यातलं जीवनसत्त्व पाण्याबरोबर आत झिरपतं आणि तिथेच मुरतं. नंतर सडलं तरी बरंचसं शिल्लक राहतं. बायकांना दिसत होता तो दुसरा फायदा: दाणा घट्ट होतो, कांडताना कणी कमी पडते. शिजायला हा तांदूळ वेळ खातो, पण दाणा न् दाणा मोकळा राहतो. त्याची पेज पाण्यासकट पोटात जाते, म्हणून पाण्यात उतरलेलं सत्त्वही वाया जात नाही. सुरय म्हणजे न उकडलेला तांदूळ चारदा धुऊन, वेळून, पाणी ओतून दिलं तर गिरणीतून वाचलेलं थोडंफारही मोरीत जातं.

१९३४च्या अखेरीस गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापला. वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांनी त्याचं काम उभं केलं, आणि हातसडीचा तांदूळ हा त्यातला एक मुख्य आग्रह होता. १९५८ साली नव्या भातगिरण्यांवर परवान्याचं बंधन घालणारा कायदाही आला. तरी गिरणीच जिंकली, आणि त्याचा दोष बायकांना देणं अन्यायाचं होईल. पहाटे उठून मुसळ उचलणाऱ्या बाईसाठी गिरणी ही सुटकाच होती. चूक झाली ती तूस निघाल्यावरही तांदूळ घासत राहण्यात.

अलीकडे रेशनच्या तांदळात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ घातलेले दाणे मिसळून येऊ लागले. तांदळाच्या पिठापासून ते यंत्रात घडवलेले असतात. शंभर भाग तांदळाला एक भाग. त्यांचा रंग किंचित वेगळा, पाण्यात काही तरंगतातही. तांदूळ निवडायला बसलेल्या बायका अनेक गावांत ते प्लास्टिकचे समजून खड्यांबरोबर सुपाबाहेर टाकू लागल्या.