स्वरलेखनाचे पान

१५०१ साली व्हेनिसमध्ये पेत्रुच्चीने बहुस्वरी रचनांचा खिळ्यांनी छापलेला पहिला संग्रह काढला. त्यात समोरासमोरच्या दोन पानांवर सर्वांचे भाग एकत्र दिसत. पुढे ज्याची त्याची पोथी वेगळी झाली. साथीदार काय वाजवतो, ते वादकाने कानांनीच ताडायचे. संपूर्ण रचना पुढे ठेवावी, तर पाने फार आणि दोन्ही हात वाद्यात गुंतलेले! एकविसाव्या शतकात अमेरिकेतील बोरोमिओ या चार तंतुवादकांच्या संचाने लॅपटॉप पुढे ठेवले. पान पायाच्या कळीने उलटू लागले आणि चौघेही संपूर्ण रचना वाचीत वाजवू लागले. वीज दगा देईल, ही भीती खरीच. पण कागद वाचला, हा लाभ गौण होय. साथीदाराचा स्वर पुन्हा डोळ्यांपुढे आला, हेच पडद्याचे खरे देणे.