तालीम : एका शब्दाची वाटचाल

आमच्या कोल्हापूरच्या घरात ‘तालीम’ हा शब्द दोन अर्थांनी वावरत असे. अम्मी म्हणायची, “तालीम अर्धवट सोडू नकोस.” तिच्या डोळ्यांसमोर शाळा आणि पुस्तके असत. बाहेर दोस्त हाक मारत, “तालमीत येतोस काय?” तिथे लाल माती होती, लंगोट होता आणि ओरडणारे वस्ताद होते. एकाच शब्दाची ही दोन घरे कशी, असा प्रश्न तेव्हा पडला नाही.

प्रश्न पडला तो बऱ्याच वर्षांनी, मामूंचा कर्जाचा अर्ज भरताना. मामूंनी चाळीस वर्षे मोटारींची इंजिने खोलली आणि जोडली. नुसत्या आवाजावरून बिघाड सांगणारा माणूस. अर्जात एक रकाना होता, ‘प्रशिक्षण’. मी विचारले, “मामू, ट्रेनिंग कुठं घेतलं?” ते म्हणाले, “ट्रेनिंग कुठलं रे? उस्तादाच्या हाताखाली शिकलो.” शेवटी त्या रकान्यात मी ‘नाही’ असे लिहिले. ते ‘नाही’ आजही मला टोचते. म्हणून या शब्दांचा माग काढावासा वाटला.

इंग्रजीतल्या ‘ट्रेनिंग’च्या मुळाशी ‘ट्रेन’ हे क्रियापद आहे. ते फ्रेंचमधून इंग्रजीत आले आणि त्याचे मूळ लॅटिनमधल्या ओढणे या अर्थाच्या धातूत आहे. लांब झग्याचा मागे फरफटणारा घोळ म्हणजे ट्रेन, सरदारामागून चालणारा लवाजमा म्हणजेही ट्रेन. वेलीला ओढून, बांधून हव्या त्या दिशेने वाढवणे यालाही हेच क्रियापद लागू झाले. पुढे वेलीसारखे माणसालाही वळण लावता येते, या अर्थाने ते शिकवण्यासाठी रूढ झाले. डबे ओढणारी आगगाडी या कुटुंबात फार उशिरा, एकोणिसाव्या शतकात आली. थोडक्यात, ‘ट्रेनिंग’मध्ये ओढणारा एक असतो आणि ओढला जाणारा दुसरा.

‘तालीम’चे कूळ वेगळे आहे. अरबी ‘इल्म’ म्हणजे ज्ञान. आलिम, मुअल्लिम, तालीम ही सारी त्याच धातूची लेकरे. तालीम म्हणजे दुसऱ्याला जाणता करणे. सूरह अलकमध्ये कलमेच्या द्वारे शिकवण्याचा उल्लेख येतो, तिथले क्रियापदही याच धातूचे आहे. म्हणजे मुळात या शब्दाचा संबंध जाणण्याशी आहे. ओढण्याशी नाही आणि दंडबैठकांशीही नाही.

मग तो आखाड्यात कसा गेला? अरबीतून फारसीत आणि फारसीतून दख्खनच्या दरबारी व लष्करी व्यवहारात असे अनेक शब्द मराठीत आले. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोशाने फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले. विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली. तरीही ‘तालीम’ हलली नाही, कारण ती मातीत रुजली होती. मराठीने तिला आपले व्याकरण दिले. आपण ‘तालीमीत’ म्हणत नाही, ‘तालमीत’ म्हणतो. ‘उस्ताद’चा ‘वस्ताद’ झाला. नाटकवाल्यांनी ‘रंगीत तालीम’ घडवली. पुढाऱ्याबद्दलही आपण ‘अमक्याच्या तालमीत तयार झालेला’ असे म्हणतो. तो कुणाच्या हाताखाली घडला, हे त्यात सांगून होते.

कोल्हापुरात तर तालीम म्हणजे निव्वळ व्यायामशाळा नाही, ती पेठेची ओळख आहे. बाबूजमाल तालमीत मोहरमचे पंजे आणि गणपती या दोन्हींची परंपरा आहे. शाहू महाराजांनी याच शहरात कुस्तीला खासबाग मैदान दिले आणि १९०६ साली मुस्लिम विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी संस्था उभी करून वसतिगृहाची सोय केली. अम्मीची तालीम आणि दोस्तांची तालीम, दोन्हींना एकाच राजाने हात दिला.

त्यांच्याच दरबारात अल्लादियाखाँसाहेब होते. गाण्याच्या घराण्यांत ‘तालीम’ आणि ‘रियाज’ हे शब्द वेगळे राहिले. उस्ताद देतो ती तालीम, शागीर्द एकट्याने घासतो तो रियाज. खाँसाहेबांकडून भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांना जे मिळाले, ते समोरासमोर बसून, कानातून गळ्यात उतरले. त्याचे प्रमाणपत्र नव्हते. प्रमाण होते ते गळ्यात. आणि खाँसाहेबांच्या या शागीर्दांना ‘अप्रशिक्षित’ म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

कारागिराच्या नशिबी मात्र तो मान आला नाही. कंपनी सरकारने १८५० साली उमेदवारीचा कायदा केला. त्याचा रोख मुख्यतः अनाथ आणि गरीब मुलांवर होता. दहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जास्तीत जास्त सात वर्षांच्या कराराने कारागिराकडे बांधून देता येई. हाताचे शिक्षण गरिबांचे आणि पुस्तकाचे शिक्षण बाबू होणाऱ्यांचे, ही विभागणी वसाहतीच्या काळात पक्की होत गेली. आपल्याकडे जातिव्यवस्थेने तिचा पाया आधीच घातला होता. मुसलमानांतही अश्राफ आणि कारागीर बिरादऱ्या हा भेद होताच, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

हे दोन तुकडे जोडण्याचा मोठा प्रयत्न आपल्याच भूमीवर झाला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. योजना आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून आणि एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफलेले, असा तो आराखडा होता. नाव पडले ‘नई तालीम’. मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा, यावर गांधीजींचा भर होता. आर्थिक बाजूवर जास्त जोर दिला तर शिक्षणाचा मूळ हेतूच बाजूला पडेल, असा इशारा झाकिरसाहेबांच्या समितीने अहवालातच दिला. मुलाचा हात कमाईसाठी राबवायचा नाही, हातातून त्याला जाणता करायचे. ‘तालीम’चा मूळ अर्थ इथे हातापर्यंत पोहोचला.

पण काळ संशयाचा होता. त्याच मध्य प्रांतात ‘विद्या मंदिर’ नावाची सरकारी योजना आली. तिच्या नावावर मुसलमानांनी हरकत घेतली, मुस्लिम लीगने वर्धा योजनेलाही विरोध केला आणि शिक्षणाची चर्चा नावांच्या वादात अडकली. स्वातंत्र्यानंतर नई तालीम हळूहळू मागे पडली. सरकारी मराठीत ‘प्रशिक्षण’ हा शब्द स्थिरावला. १९६१ साली उमेदवारीचा नवा कायदा आला, औद्योगिक प्रशिक्षण संस्था वाढल्या. त्यांनी पुष्कळांना उभे केले, हे खरेच. पण भिंतीबाहेर शिकलेला माणूस कागदावर अडाणीच राहिला.

सच्चर समितीने २००६ साली मुसलमानांची स्थिती देशापुढे ठेवली. २००१ च्या जनगणनेनुसार देशाची साक्षरता सुमारे ६५ टक्के होती आणि मुसलमानांची ५९. हे अंतर भरायलाच हवे, अम्मीच्या तालमीला पर्याय नाही. पण ज्यांना आपण न शिकलेले म्हणतो, त्यांत किती मेकॅनिक, विणकर, शिंपी, कल्हईवाले होते! ते निरक्षर असतील, पण त्यांना तालीम नव्हती असे कसे म्हणावे? पुढे २०१५ च्या कौशल्य विकास योजनेत अनुभवातून आलेले कसब तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय झाली. उशिरा का होईना, सरकारी कागदाने उस्तादाचा हात ओळखला.

मामू तोवर राहिले नव्हते. त्यांच्या मुलाने मात्र संस्थेतून प्रमाणपत्र घेतले आणि इंजिनाचा आवाज ऐकायला तो बापाकडूनच शिकला. त्याला दोन्ही तालमी मिळाल्या. आज तो अर्ज पुन्हा हाती आला, तर त्या रकान्यात मी ‘नाही’ लिहिणार नाही. उस्तादाचे नाव लिहीन आणि पुढे लिहीन : तालीम, चाळीस वर्षे.