सालोत्री, बैतार आणि नालबंद

दख्खनच्या इतिहासावरचं कुठलंही पुस्तक उघडा, पहिल्या काही पानांतच घोडे येतात. अमक्या सुलतानाकडे इतके हजार घोडेस्वार होते, तमक्या सरदाराने इतके घोडे लुटले, इतके भेट दिले. हे आकडे वाचताना मला नेहमी एक साधा प्रश्न पडतो. एवढे घोडे जिवंत कोण ठेवत होतं? आपल्या भागाची हवा घोड्याला मानवत नाही. किनारपट्टीवर चार महिने पाऊस आणि चिखल, नंतर माश्या, मग उन्हाळा. चांगला घोडा अरबस्तानातून, इराणातून समुद्रमार्गे यायचा आणि ठाणं, चौल, दाभोळ, गोवा अशा बंदरांत उतरायचा.

त्याची किंमत किती होती, हे मार्को पोलोने ठाण्याबद्दल जे लिहिलं आहे त्यावरून कळतं. तेराव्या शतकाच्या शेवटी ठाण्याच्या राजाचा समुद्रावरच्या चाच्यांशी करार होता. चाच्यांनी काहीही लुटावं, पण जहाजावर सापडलेले घोडे राजाला द्यावेत. सोनंनाणं चाच्यांचं, घोडे राजाचे.

याच पोलोने तमिळ किनाऱ्याबद्दल एक गोष्ट नोंदवली आहे. तिथल्या राजांपैकी प्रत्येक जण वर्षाला दोन हजारांच्या वर घोडे विकत घेई आणि वर्षअखेर त्यातले शंभरही उरत नसत. कारण त्यांच्याकडे घोड्यांचे वैद्य नव्हते, नाल ठोकणारे नव्हते, घोडा सांभाळायचं ज्ञानच नव्हतं. पोलो पुढे म्हणतो की घोडे विकणारे व्यापारी अशी जाणकार माणसं मुद्दाम तिकडे जाऊ देत नसत. घोडे मेले तरच पुढच्या वर्षी पुन्हा खप! पोलोला थोडं वाढवून सांगायची सवय होती, तेव्हा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. पण जवळपास त्याच काळातला इराणी इतिहासकार वस्साफही हीच तक्रार करतो. घोड्यांना भाजलेलं जव, लोण्यात शिजवलेलं धान्य आणि उकळलेलं गाईचं दूध देतात, असं तो आश्चर्याने लिहितो. पोलोच्या मते तर भात आणि मांस शिजवून घालत.

आज कुठल्याही पशुवैद्याला हा खुराक सांगितला तर तो कपाळाला हात लावेल. घोड्याचं पोट गवतासाठी बनलेलं आहे. धान्य एकदम जास्त गेलं तर ते मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं. त्यातून दोन आजार उभे राहतात आणि दोन्ही जिवावर बेततात.

पहिला पोटशूळ. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे जे आत अडकलं ते आतच. घोडा पुन्हापुन्हा वळून आपल्या कुशीकडे बघतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, घाम फुटतो, खाली पडून लोळतो, लीद बंद होते. पुढ्यातलं खाणं ताबडतोब उचलायचं, फार लोळू न देता हळूहळू फिरवायचं आणि डॉक्टरला बोलवायचं. दुखणं थांबत नसेल तर आतड्याला पीळ बसलेला असू शकतो. तिथे घरगुती काढे चालत नाहीत.

दुसरा आजार खुरांचा. धान्याच्या अतिरेकाने खुराच्या आतलं, हाडाला धरून ठेवणारं मांस सुजतं. घोडा पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागच्या पायांवर घेऊन उभा राहतो. खुराला हात लावला तर गरम लागतो. वेळीच लक्ष गेलं नाही तर आतलं हाड खाली सरकतं आणि घोडा कायमचा निकामी होतो. ग्रीकांनी या दुखण्याचं नावच जवावरून पाडलं होतं, म्हणजे कारण त्यांना पक्कं ठाऊक होतं. वस्साफने लिहिलेला खुराक आणि पोलोने लिहिलेले मृत्यू शेजारीशेजारी ठेवले की मला तरी त्यात नवल वाटत नाही.

तिसरी अडचण हवेची. घोडा अंग थंड ठेवतो ते घामाने. कोरड्या मुलखातून दमट किनाऱ्यावर आलेल्या काही घोड्यांचा घामच मरतो. दौड झाली तरी कातडी कोरडी राहते, नाकपुड्या फुललेल्या, धाप थांबत नाही. यावर आजही सावली, पाणी, पहाटेचं काम आणि जमल्यास थंड हवेची जागा, एवढंच हातात आहे. बंदरावर उतरलेला घोडा घाटावर लवकर चढवणं म्हणूनच शहाणपणाचं होतं.

अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याने 1470 च्या आसपास हेच केलं. होर्मुझहून एक घोडा घेऊन तो चौलला उतरला आणि जुन्नरला आला. तिथे पावसाळाभर अडकला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असं त्याने लिहिलं आहे. इथल्या घोड्यांना वाटाणे घालतात आणि साखर-तेल घालून खिचडी शिजवून देतात, हेही त्याने टिपलं. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा जप्त केला, मुसलमान हो तर परत देतो म्हणाला. शेवटी महंमद नावाच्या एका खुरासानी माणसाने रदबदली करून घोडाही सोडवला आणि त्याचा धर्मही वाचवला. आपल्याकडे ही गोष्ट सांगताना खान लक्षात ठेवतात आणि खुरासानी विसरतात. घोडा धडधाकट राहिला आणि पुढे बिदरला विकला गेला.

आता ज्ञानाकडे येऊ. कुरआनात शंभरावी सूरह धापा टाकत धावणाऱ्या घोड्यांच्या शपथेने सुरू होते. घोड्याशी इतकं जवळचं नातं असलेल्या समाजात त्याचं वैद्यक वाढणारच होतं. अरबीत पशुवैद्याला ‘बैतार’ म्हणतात. हा शब्द ग्रीकमधून आला. नवव्या शतकात अब्बासी दरबाराच्या तबेल्याशी संबंधित इब्न अखी हिजाम याने घोडे आणि त्यांचे आजार यावर ग्रंथ लिहिला. चौदाव्या शतकात कैरोला सुलतान अन-नासिर मुहंमद याच्या पदरी असलेल्या अबू बक्र इब्न बद्र याने मोठा ग्रंथ रचला, तो सुलतानाच्या नावावरून ‘नासिरी’ म्हणून ओळखला जातो. एकोणिसाव्या शतकात त्याचा फ्रेंच अनुवाद झाला. वनस्पतिशास्त्रातला प्रसिद्ध इब्न अल-बैतार हाही नावावरून पाहिलं तर घोडेवैद्याच्याच घरातला.

आणि भारतात शालिहोत्र होताच. घोड्यांच्या संस्कृत वैद्यकाचा हा आद्य पुरुष, त्याच्या नावाने ओळखले जाणारे अनेक ग्रंथ आहेत. त्यांचे फार्सी अनुवाद मुसलमान राजवटींत झाले, त्यातला एक आपल्या दख्खनमधला. बहामनी अहमद शाह वली याच्यासाठी अब्दुल्ला इब्न सफी याने गुलबर्ग्याला शालिहोत्र फार्सीत आणलं. शाहजहानच्या काळात अब्दुल्ला खान फिरोजजंग या सरदाराच्या नावावर दुसरा अनुवाद आहे, आणि 1788 मध्ये कलकत्त्याला तोच इंग्रजीत छापला गेला. सआदत यार खान ‘रंगीन’ हा उर्दू शायर बायकांच्या बोलीतल्या रेख्तीसाठी बदनाम आणि प्रसिद्ध, पण त्याने 1795 च्या सुमारास घोड्यांवर ‘फरसनामा’ लिहिला. तो स्वतः घोड्यांच्या व्यापारात मुरलेला होता.

या सगळ्या देवाणघेवाणीची खूण एका शब्दात उरली आहे. घोड्यांच्या देशी वैद्याला ‘सालोत्री’ म्हणत. हा शब्द शालिहोत्रावरूनच आलेला. पुढे इंग्रजी पलटणींतल्या देशी पशुवैद्यालाही हेच नाव होतं. नमाज पढणारा माणूस एका ऋषीच्या नावाने आपला धंदा सांगत होता आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. उलट बाजूने मराठीत काय आलं ते पाहा: नाल, लगाम, रिकीब, जीन, तबेला, पागा, तोबरा, चाबूक. ‘खोगीर’ हा शब्द तर फार्सीत अक्षरशः ‘घाम टिपणारा’. घोड्याची पाठ घामाने आणि घर्षणाने सोलली जाऊ नये म्हणून ती गादी. खोगीरभरती म्हणजे निरुपयोगी माल, असं आपण म्हणतो, पण ती भरती नीट नसेल तर घोड्याच्या पाठीला जखम होणार, हे स्वाराला माहीत होतं.

अबुल फज्लच्या ‘आईन-ए-अकबरी’त शाही तबेल्यातल्या नोकरांची यादी आहे. त्यात चाबुकस्वार आहे, बैतार आहे, नालबंद आहे, सईस आहे, आणि ‘सिपंदसोज’ही आहे. घोड्याला दृष्ट लागू नये म्हणून सिपंदाच्या बिया जाळणारा तो माणूस. दृष्टीचं मी सांगू शकत नाही. पण त्या धुराने माश्या पळत असतील, असा माझा अंदाज आहे आणि घोड्याच्या बाबतीत माशी ही साधी गोष्ट नव्हे. घोडा रोडावला किंवा मेला तर संबंधित नोकरांना दंड होई, हेही त्याच ग्रंथात आहे.

महाराष्ट्रात यावं तर सभासदाच्या बखरीत शिवछत्रपतींच्या पागेची व्यवस्था दिली आहे. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. खूर वाढलं, नाल सैल झाली, खुरात खडा रुतला की घोडा लंगडतो आणि लंगडा घोडा म्हणजे एक स्वार कमी. पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद ठेवणाऱ्याला लढाईचं खरं गणित कळलेलं होतं. चिपळूणकडच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना महाराजांनी 1670 च्या दशकात लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. ते रयतेच्या काळजीसाठी सांगितलं जातं, आणि ते बरोबरच आहे. पण त्यात घोड्यांचीही काळजी आहे. पावसाळ्यासाठी साठवलेली चंदी-वैरण आत्ताच मनमानेल तशी उडवलीत तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि मग ती तुम्हीच मारली असं होईल, असा त्यातला आशय आहे.

हे नालबंद कोण होते? सगळे मुसलमान होते असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. पण नालबंद आडनावाची मुसलमान घरं आजही सांगली-सोलापूरकडे भेटतात. माझ्या वर्गात एक नालबंद होता. त्याला आडनावाचा अर्थ विचारला तर तो हसून ‘लोहाराचं काहीतरी’ एवढंच सांगायचा. मराठ्यांच्या इतिहासात मुसलमान शोधताना आपण सरदारांची नावं काढतो, इब्राहीमखान गारदी काढतो. पागेत खाली बसून घोड्याचा पाय मांडीवर घेणारा माणूस त्या यादीत येत नाही.

पण त्याची बोली जगभर गेली आहे. पावसाळ्यात घोड्याच्या अंगावर न भरणारे व्रण येतात, त्याला तबेल्यात ‘बरसाती’ म्हणत. कमरेतून लुळं पडणाऱ्या घोड्याच्या आजाराला ‘कुमरी’ म्हणत. हे दोन्ही शब्द इंग्रजी पशुवैद्यकाच्या पुस्तकांत तसेच गेले. तिसरा शब्द ‘सर्रा’. इंग्रजी शब्दकोशात त्याची व्युत्पत्ती मराठी म्हणून दिलेली सापडते, श्वासाच्या घरघरीवरून. घोडा खातो, तरी वाळत जातो. ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. पोटाखाली आणि पायांवर सूज उतरते, चालताना मागचा भाग डुलतो. 1880 मध्ये डेरा इस्माइल खान इथे ग्रिफिथ इव्हान्सने या घोड्यांच्या रक्तात वळवळणारा सूक्ष्म जीव पाहिला. मोठ्या चावऱ्या माश्या तो एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात, म्हणूनच पावसाळ्यात आणि त्यानंतर हा आजार वाढतो.

यानंतरचं काम पुण्यात झालं. 1889 मध्ये तिथे सरकारी जंतुशास्त्र प्रयोगशाळा निघाली आणि आल्फ्रेड लिंगार्डने सर्राचा अभ्यास केला, सोमल देऊन उपचार करून पाहिले. पुढे ती प्रयोगशाळा कुमाऊंत मुक्तेश्वरला गेली. इव्हान्सचं नाव त्या जंतूला मिळालं, ते त्याच्या हक्काचं. मात्र आजाराला आधीच नाव होतं. म्हणजे सूक्ष्मदर्शक यायच्या आधी कुणीतरी तो वेगळा ओळखला होता, बाकी तापांपासून निराळा काढला होता. आज सर्रावर क्विनापायरामिनचं इंजेक्शन मिळतं, पण वेळेत रक्त तपासलं तर. आणि वेळेत तपासायचं की नाही, हे अजूनही घोड्याजवळ झोपणाऱ्या माणसाच्या नजरेवर ठरतं.

तो माणूस आज वरातीची घोडी चालवतो, माथेरान-पाचगणीला पर्यटक फिरवतो, वीटभट्टीवर खेचरं हाकतो. त्यात आपले लोक बरेच आहेत. 2006 मध्ये पुणे आणि पाचगणीच्या घोड्यांत ग्लँडर्स सापडला. नाकातून घट्ट चिकट स्राव, नाकपुडीत व्रण, जबड्याखाली गाठी, पायावर ओळीने येणाऱ्या आणि फुटणाऱ्या पुळ्या. हा रोग माणसालाही होतो आणि जीव घेऊ शकतो. यावर घोड्याला उपचार देत नाहीत. रक्तचाचणीत रोग पक्का ठरला की जनावर कायद्याने मारून पुरतात. ज्याचं घर एका घोड्यावर चालतं त्याला नाकाचा स्राव दिसला की तो लपवावासा वाटतो, आणि भरपाई उशिरा मिळणार असेल तर नक्कीच वाटतो. पण लपवलेला घोडा शेजारच्या ठाणावरच्या घोड्यांना आणि त्यांना खरारा करणाऱ्या पोरालाही धोक्यात आणतो. म्हणून ज्यांच्या घरी घोडा आहे त्यांनी नवा घोडा आणला की तो काही दिवस वेगळा बांधावा, पाण्याची बादली आणि तोबरा वेगळा ठेवावा, नाकाला हात लावल्यावर साबणाने धुवावा, आणि शंका आली तर सरकारी पशुवैद्याकडून रक्ताचा नमुना हिसारच्या संशोधन केंद्राकडे पाठवायला सांगावं.