केसरबाईंची भैरवी आणि आकाशाचे संगीत

२० ऑगस्ट १९७७ रोजी फ्लोरिडातून व्हॉयेजर-२ हे यान निघाले आणि ५ सप्टेंबरला व्हॉयेजर-१. क्रमांक उलटे का, हा प्रश्न वर्गात दरवर्षी येतो. नंतर सुटलेले यान जवळच्या मार्गाने गुरूपाशी आधी पोहोचणार होते, म्हणून त्याला १ हा क्रमांक मिळाला. दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे. त्या तबकडीवर जगभरातील संगीताचे २७ नमुने आहेत. शेवटून तिसरा नमुना साडेतीन मिनिटांचा आहे: राग भैरवी, 'जात कहाँ हो', गायिका केसरबाई केरकर. व्हॉयेजर-१ सुटल्यानंतर अकराव्या दिवशी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाईंचे निधन झाले.

आकाश आणि संगीत या विषयावर तुम्हाला सहसा गाण्यांची यादी मिळेल. मराठीत तर ती यादी संपणारच नाही, कारण अंगाईतल्या चांदोमामापासून कोजागिरीच्या मैफलीपर्यंत चंद्र आपल्याकडे सगळीकडे आहे. पण यादी म्हणजे इतिहास नव्हे. इतिहासाचा प्रश्न असा: माणसाने आकाशाकडे पाहून संगीतात नेमके काय आणले? केवळ शब्द आणले की स्वर, ताल, गणित असेही काही आणले? त्या दृष्टीने तीन-चार प्रकरणे पाहू. ती सारख्याच तोलाची नाहीत, त्यामुळे काहींवर जास्त थांबू.

पहिले प्रकरण योहानेस केप्लरचे. १६१९ साली त्याचा 'हार्मोनिसेस मुंडी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रहगतीचा तिसरा नियम तुम्ही बारावीत शिकलात, तो याच ग्रंथातला. पण केप्लरच्या लेखी तो ग्रंथ संगीताचा होता. ग्रह सूर्याच्या जवळ येतो तेव्हा वेगाने फिरतो, दूर जातो तेव्हा मंदावतो. केप्लरने प्रत्येक ग्रहाचा उपसूर्य बिंदूपाशी आणि अपसूर्य बिंदूपाशी एका दिवसातला कोनीय वेग घेतला आणि त्यांचे गुणोत्तर काढले. शनीचे आले सुमारे ५:४. आपल्या भाषेत हे षड्जापासून शुद्ध गंधाराचे अंतर. गुरूचे ६:५, म्हणजे कोमल गंधार. मंगळाचे ३:२, म्हणजे षड्ज-पंचम. पृथ्वीचे १६:१५, म्हणजे षड्जापासून कोमल ऋषभ.

हे तुम्ही स्वतः तपासू शकता, त्यासाठी लॅटिन यायला नको. एकात कक्षेची विकेंद्रता मिळवा, एकातून तीच वजा करा, पहिल्या संख्येला दुसरीने भागा आणि उत्तराचा वर्ग करा. कोनीय संवेग अक्षय्यतेतून हे सूत्र दोन ओळींत निघते. पृथ्वीची विकेंद्रता ०.०१६७ घेतली तर उत्तर १.०६९ येते. १६:१५ म्हणजे १.०६७. फारच जवळ. शनीसाठी ०.०५४ घेतल्यास १.२४ येते आणि शुद्ध गंधार १.२५ आहे. इथपर्यंत अंगावर काटा येतो. मग मंगळ घ्या. ०.०९३४ वरून १.४५ येते आणि पंचम मात्र १.५ वर असतो. हा फरक कोणत्याही तंबोऱ्यावर कानाला खटकेल. केप्लरच्या स्वतःच्या आकड्यांतही तो होता, पण त्याने ओढून ताणून पंचम मानला. ज्या माणसाने मंगळाच्या कक्षेतील आठ कलांचा फरक खपवून न घेता वर्तुळाकार कक्षा सोडून दिल्या, त्याच माणसाने संगीताच्या ओढीने एवढा फरक खपवून घेतला! मला यात केप्लरचा दोष दिसत नाही, पण मोजमाप आणि मोह शेजारी-शेजारी कसे राहतात ते दिसते. तुमच्या प्रयोगवहीतही ते राहतात.

केप्लरचे हे ग्रह-स्वर कोणी ऐकले नव्हते आणि ऐकण्यासाठी ते नव्हतेच. ते बुद्धीने अनुभवायचे संगीत होते. ऐकण्याजोगे ते झाले १९७० च्या दशकात, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत. लॉरी स्पीगल या संगीतकार स्त्रीने केप्लरच्या गणितावरून संगणकाकडून ध्वनी तयार करून घेतला. तो व्हॉयेजरच्या तबकडीवर आहे. पृथ्वीवरील आवाजांच्या विभागाची सुरुवात त्यानेच होते. म्हणजे एकाच तबकडीवर केप्लरची पृथ्वी कोमल ऋषभाभोवती घुटमळते आहे आणि पुढे केसरबाई भैरवी गात आहेत, जिच्यात ऋषभ कोमलच असतो. हा निव्वळ योगायोग आहे. त्यावरून कोणी 'प्राचीनांना सर्व ठाऊक होते' असा निष्कर्ष काढू लागले तर तुम्ही सभ्यपणे विषय बदलावा.

दुसरे प्रकरण आमच्या बेंगळुरूत घरोघरी ऐकू येते. मुत्तुस्वामी दीक्षितर (१७७५–१८३५) यांच्या नवग्रह कृती. त्यांच्या जन्माची कथा अशी सांगतात की तंबियप्पन नावाच्या शिष्याला पोटदुखी होती, पत्रिकेत गुरू प्रतिकूल होता, आणि त्याने म्हणावी म्हणून दीक्षितरांनी बृहस्पतीवर कृती रचली. कथा खरी असो वा नसो, रचनेतली योजना पक्की आहे. रवीपासून शनीपर्यंत वाराच्या क्रमाने सात कृती, आणि त्यांना सुळादी सप्त तालांतील सात ताल: ध्रुव, मठ्य, रूपक, झंप, त्रिपुट, अट, एक. कर्नाटक संगीत शिकणारे मूल प्राथमिक अलंकार याच सात तालांत घोकते आणि ही पद्धत पुरंदरदासांनी घालून दिली असे मानतात. म्हणजे शनिवारी शनीची कृती यदुकुलकांभोजीत आणि एक तालात. राहू-केतूंच्या दोन कृती मात्र सात तालांच्या या साखळीबाहेर पडतात, आणि त्या दीक्षितरांच्याच का, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. साखळीत त्यांना जागा नाही हे एका परीने सयुक्तिकच, कारण राहू आणि केतू हे पिंड नव्हेत. चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला जिथे छेदते ते दोन बिंदू आहेत.

इथे आकाशाने स्वर दिलेला नाही. शनीला यदुकुलकांभोजी का, याला खगोलाचे उत्तर नाही. आकाशाने दिला तो क्रम, आणि तो क्रम तालांच्या क्रमावर बसवला गेला. एक अभ्यासक्रमच म्हणा ना: जो शिष्य सातही कृती शिकेल तो सातही ताल शिकेल.

पाश्चात्त्य जगातील प्रसिद्ध उदाहरण म्हणजे गुस्ताव होल्स्ट यांची 'द प्लॅनेट्स' ही वाद्यवृंदरचना, पहिला प्रयोग सप्टेंबर १९१८, लंडन. तिच्यावर फार थांबत नाही. दोनच गोष्टी लक्षात ठेवा. होल्स्ट यांनी ऋग्वेदातील सूक्तांना चाल लावण्यासाठी संस्कृत शिकून घेतली होती आणि महाभारतातील सावित्रीवर ऑपेरा लिहिला होता. दुसरी गोष्ट, त्यांचे ग्रह खगोलशास्त्राचे नसून फलज्योतिषाचे आहेत. म्हणूनच दीक्षितरांप्रमाणे त्यांच्याकडेही पृथ्वी नाही. फलज्योतिषात पृथ्वी ही बसण्याची जागा असते, तिला आवाज नसतो. केप्लरकडे मात्र पृथ्वी गाते, कारण तो कोपर्निकसच्या बाजूचा होता आणि त्याच्या दृष्टीने पृथ्वी हा एक ग्रह होता. एखाद्या रचनेत पृथ्वी आहे की नाही एवढे पाहिले तरी रचनाकार कोणत्या विश्वात राहत होता ते कळते.

आता पुन्हा केसरबाईंकडे. त्यांचा जन्म १८९२ सालचा, गोव्यात फोंडा तालुक्यातील केरी गावचा, कलावंत समाजातला. देवळाशी आणि यजमानांशी बांधलेल्या या समाजातील मुलींना गाणे वारशाने मिळे, मान मात्र मिळत नसे. अब्दुल करीम खाँ, रामकृष्णबुवा वझे, सतारिये बरकतुल्ला खाँ अशा गुरूंकडे तुकड्या-तुकड्यांनी शिकत शेवटी १९२१ पासून त्या जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांकडे अनेक वर्षे शिकल्या. पुढे 'सुरश्री' ही पदवी, १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६९ मध्ये पद्मभूषण. साठीच्या दशकात, आवाज टिकून असतानाच, त्यांनी जाहीर मैफली थांबवल्या. केरीत आज त्यांच्या नावाची शाळा आहे.

त्यांचे गाणे व्हॉयेजरवर गेले कसे? तबकडीची जबाबदारी कार्ल सेगन यांच्या छोट्या समितीकडे होती. भारतीय संगीतासाठी रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाने नेमके हेच ध्वनिमुद्रण सुचवले. ते तेव्हा बाजारात मिळत नव्हते. समितीतील अ‍ॅन ड्रुयन यांनी न्यूयॉर्क पालथे घातले तेव्हा एका भारतीय कुटुंबाच्या उपकरणांच्या दुकानात त्याच्या प्रती सापडल्या. 'नासाने जगातील सर्वश्रेष्ठ संगीत म्हणून निवड केली' असे जे संदेश फिरतात ते या हकिगतीपुढे फिके आहेत. एका जाणकाराचा कान, एका स्त्रीची चिकाटी आणि दुकानात धूळ खात पडलेली तबकडी, एवढ्यावर हे घडले.

अभियंत्यांनी दुसरे एक कारण पाहावे. ख्यालाची मांडणी तासभर चालते. पण जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटेच मावत. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहरजानचे ध्वनिमुद्रण झाले तेव्हापासून आपल्या गायक-गायिका तेवढ्या वेळात राग उभा करायला शिकल्या. अनेकांना ते जमले नाही, आणि तो काही त्यांच्या गाण्याचा कमीपणा नव्हे. केसरबाईंनी त्या अरुंद जागेत भैरवी अशी बसवली की ती कापलेली वाटत नाही. व्हॉयेजरवरही जागेची अशीच चणचण होती. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या हिशेबाने पुरेसे संगीत बसेना, म्हणून वेग निम्मा, १६⅔ केला, उच्च वारंवारतांवर थोडे पाणी सोडले आणि सुमारे ९० मिनिटांचे संगीत बसवले. तासाभराचा ख्याल तिथे गेलाच नसता. जुन्या यंत्राच्या मर्यादेने घडवलेला आकार नव्या यंत्राच्या मर्यादेत अचूक बसला.

तबकडी वाजवायची कशी, हे तिच्या आवरणावर चित्रांनी कोरले आहे. परग्रहावर सेकंद कोणाला ठाऊक असणार? म्हणून हायड्रोजनच्या १४२० मेगाहर्ट्झ संक्रमणाचा आवर्तकाळ, सुमारे ०.७ नॅनोसेकंद, हे कालमापनाचे एकक घेतले. एका फेरीला ३.६ सेकंद लागतात; त्या एककात ही संख्या पाच अब्जांच्या थोडी वर जाते आणि ती द्विमान पद्धतीने लिहिली आहे. सुई आणि पिकअपही सोबत दिले आहेत. आवरणावर युरेनियम-२३८ चा थर आहे, त्याच्या क्षयावरून तबकडीचे वय काढता येईल. याखेरीज ५५ भाषांतील शुभेच्छा आहेत. त्यांत मराठी आहे आणि कन्नडही आहे. मराठी आवाज पृथ्वीवरील लोकांच्या वतीने शुभ चिंततो, अगदी आपल्याकडच्या घरगुती नमस्काराच्या थाटात.

'जात कहाँ हो' या बोलांचा अर्थ 'कुठे निघालात?' ही विचारणा माणसाने माणसाला केलेली आहे. तिच्यात तारा नाही, ग्रह नाही. आकाशावर रचलेल्या हजारो गाण्यांपैकी एक निवडण्याऐवजी हे गेले, आणि मला ते बरोबर वाटते. मैफलीच्या शेवटी भैरवी गाण्याची आपली रीत समितीच्या निवडीमागे नव्हती बहुधा, पण तबकडीच्या अखेरीस ती पोहोचली आहे खरी.

व्हॉयेजर-१ ने २५ ऑगस्ट २०१२ रोजी आंतरतारकीय अवकाशात प्रवेश केला. ते कसे कळले? यानावरील प्लाझ्मा-तरंग उपकरणाला २०१३ च्या एप्रिल-मेमध्ये इलेक्ट्रॉनांची दोलने सापडली, वारंवारता सुमारे २.६ किलोहर्ट्झ. आदल्या वर्षीच्या नोंदींत ती सुमारे २.२ होती. या वारंवारता माणसाच्या श्रवणकक्षेत येतात, त्यामुळे आयोवा विद्यापीठाच्या चमूने त्या सरळ ध्वनिवर्धकातून ऐकवल्या: हळूहळू चढत जाणारी शिट्टी. प्लाझ्मा वारंवारता घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते, म्हणून स्वर चढला याचा अर्थ बाहेरचा वायू दाट झाला, म्हणजेच यान सूर्याच्या वाऱ्याच्या बुडबुड्याबाहेर पडले. इथे आकाशाने खरोखरच स्वर दिला, आणि तो ऐकून स्थान कळले.

पुढच्या तासापूर्वी एवढे करून या. घन सेंटिमीटरमधील इलेक्ट्रॉनांच्या संख्येचे वर्गमूळ काढून त्याला ८९८० ने गुणले की प्लाझ्मा वारंवारता हर्ट्झमध्ये मिळते. त्यावरून २.२ आणि २.६ किलोहर्ट्झसाठी घनता काढा. या दोन वारंवारतांचे गुणोत्तर १.१८ च्या आसपास येते. ते केप्लरच्या कोणत्या ग्रहाच्या स्वरांतराजवळ जाते ते लिहा, आणि ती जवळीक अर्थपूर्ण मानावी की नाही, याची कारणे द्या. भैरवीचे ध्वनिमुद्रण आंतरजालावर सहज मिळते. ते हेडफोनवर, दिवा मालवून, एकदा पूर्ण ऐका; त्याचे गुण नाहीत.