धोटा, थुंकी आणि कापडाचा दर्जा

चाकणपासून वाळूजपर्यंत कोणत्याही कारखान्यात जा, भिंतीवर जपानी शब्द लावलेले दिसतात. मुदा, कायझेन, कानबान. मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्या दहा-वीस माणसांच्या वर्कशॉपातही आता हे फलक पोहोचले आहेत. माल वाया जाऊ देऊ नका, दोष पुढच्या टप्प्यावर जाऊ देऊ नका, ही शिकवण वाईट नाही आणि आमचा तिला विरोधही नाही. आमचा आक्षेप आहे तो या शिकवणीसोबत सांगितल्या जाणाऱ्या इतिहासाला. तो नेहमी टोयोटाच्या मोटार कारखान्यापासून सुरू होतो. खरे तर तो कापडाच्या मागापासून सुरू होतो. आणि मागाचा विषय निघाला की मुंबईच्या गिरणगावाचा विषय टाळता येत नाही.

साकिची टोयोडा हा सुताराचा मुलगा. त्याने १९२४ साली स्वयंचलित मागाचा जो नमुना पूर्ण केला, त्यात दोन गोष्टी होत्या. धोट्यातले सूत संपत आले की माग न थांबता धोटा बदलला जाई, आणि धागा तुटला की माग आपोआप थांबे. दुसरी गोष्ट दिसायला किरकोळ आहे, पण सगळे मर्म तिच्यातच आहे. धागा तुटल्यावरही माग चालत राहिला तर वारभर खराब कापड विणले जाते. माग थांबला तर खराब कापड तयारच होत नाही. या मागाच्या पेटंटचे हक्क १९२९ साली ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीने एक लाख पौंडांना घेतले. ज्या लँकेशायरने जगाला माग विकले, त्यानेच जपानकडून मागाची कल्पना विकत घेतली. पुढे टोयोटाची उत्पादनपद्धती रचणारा ताइची ओनो हा १९३२ साली टोयोडांच्या कापड गिरणीत लागला आणि १९४३ मध्ये मोटारीकडे गेला. दोष दिसताच कोणत्याही कामगाराने दोरी ओढून संपूर्ण रांग थांबवावी, हा नियम त्या मागाचाच वंशज आहे.

जपानला स्वर्ग ठरवण्याची आमची इच्छा नाही. तिथल्या गिरण्यांत खेड्यांतल्या मुली वसतिगृहांत कोंडल्यासारख्या राहत आणि रात्रपाळीत राबत. स्त्रियांची रात्रपाळी तिथे १९२९ साली बंद झाली. बुराकूमिन नावाचे तिथलेही बहिष्कृत आहेत. आम्ही फक्त एवढेच विचारतो आहोत, की तिकडे तुटलेल्या धाग्याचे काय करायचे याचा विचार चालू होता, तेव्हा मुंबईत काय चालले होते?

मुंबईत धागा तुटला की विणकराचा पगार तुटत असे. डाग पडलेले, तुटक विणीचे कापड खात्याने नाकारले की ते त्या विणकराच्याच गळ्यात मारले जाई आणि त्याची किंमत पगारातून कापली जाई. त्याने ते बाजारात मिळेल त्या भावाने विकावे. वरून दंड वेगळा. दोष कुठून आला, हे कोणी विचारत नसे. गिरणीचा माल एका माणसाच्या हातून तयार होत नाही. शेतकऱ्याच्या कापसात व्यापारी पाणी मारतो, सरकी आणि माती मिसळतो; ही भेसळ इतकी जुनी होती की मुंबई सरकारला १८६३ सालीच कापसातील फसवणुकीविरुद्ध कायदा करावा लागला. जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांसाठीचा कायदा यायला १९२५ उजाडले. गिरणीत स्वस्त कापसाचे मिश्रण केले की सूत कच्चे निघते. कच्चे सूत साच्यावर तुटते. साखळीतल्या सगळ्यांची चूक अशी शेवटी साचेवाल्याच्या पदरात पडे, कारण दंड करायला सगळ्यांत सोपा माणूस तोच होता.

आता त्या साखळीतली मधली कडी पाहू. रिंगखात्यात सूत काढणाऱ्यांत अस्पृश्य कामगार मोठ्या संख्येने होते. विणकामखात्याचे दरवाजे मात्र बहुतेक गिरण्यांत त्यांना बंद होते, आणि पगार विणकामखात्यात जास्त होता. कारण काय दिले जाई? धोट्यातली कांडी संपली की विणकर नवी कांडी घालतो आणि तिचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घेतो. तोच धोटा दुसऱ्या पाळीत, दुसऱ्या साच्यावर दुसऱ्याच्या तोंडाला लागतो. अस्पृश्याच्या थुंकीने आपण बाटू, ही सवर्ण विणकरांची हरकत. काही ठिकाणी मुसलमान विणकरांचीही.

आमच्या वाचकांपैकी अनेकांना हे माहीत आहे. पण त्याची तांत्रिक बाजू आपण फारशी बोलत नाही, म्हणून इथे थोडे थांबतो. धोटा तोंडाला लावणे ही निसर्गाची अट नव्हती. ते फक्त स्वस्त होते. अमेरिकेत नॉर्थ्रॉपचा स्वयंचलित माग १८९० च्या दशकातच बाजारात आला होता. त्याच्या धोट्यात सूत आपोआप ओवले जाई, तोंडाची गरजच नव्हती. मॅसॅच्युसेट्स राज्याने तर रोग पसरतो म्हणून १९११ सालीच तोंडाने सूत ओढण्याच्या धोट्यावर बंदी घातली. म्हणजे ज्या थुंकीच्या आधारावर मुंबईत हजारो माणसांचा रोजगार अडवून ठेवला होता, तिच्यावर यंत्राचा उपाय तीस वर्षे उपलब्ध होता. तो मुंबईत आला नाही, कारण मजूर स्वस्त होता. आणि विणकरांनीही क्षयाच्या भीतीने नव्हे, विटाळाच्या भीतीने हरकत घेतली. एकाच धोट्यावर सगळ्या सवर्णांची तोंडे लागली तरी कोणाला घाण वाटत नव्हती!

यातला आणखी एक विरोधाभास. विदर्भात जाडेभरडे सुती कापड विणणे हा महारांचा पिढीजात व्यवसायच होता. गिरणीच्या कापडाने तो मोडला. विणण्याची कला ज्यांच्या घरात होती, त्याच जातीला मुंबईच्या साच्यापासून दूर ठेवले गेले. वाया जाण्याचा हिशेब मांडणाऱ्यांनी सुताची भंगारकांडी मोजली, हे कौशल्य कुणी मोजले नाही.

१९२८ चा सार्वत्रिक संप याच पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. जपानी कापडाची स्पर्धा वाढली, १९२७ मध्ये टॅरिफ बोर्डाने चौकशी केली, आणि मालकांनी 'कार्यक्षमता' हा मंत्र हाती घेतला. त्याचा अर्थ त्यांच्या लेखी असा होता, की दोन साचे चालवणाऱ्याने तीन चालवावेत आणि एका बाजूला राहणाऱ्या रिंगवाल्याने दोन बाजू सांभाळाव्यात. टोयोडाच्या मागावर एका कामगाराकडे अनेक माग देता येत, कारण माग स्वतः थांबत होता. मुंबईत जुनेच साचे, तेच कच्चे सूत, फक्त माणसे कमी. यातून दर्जा सुधारेल असे कोणाला खरेच वाटत होते का, याची आम्हाला शंका आहे.

सुमारे दीड लाख कामगार एप्रिल ते ऑक्टोबर असे जवळजवळ सहा महिने बाहेर होते. त्या काळात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना स्पष्ट बजावले, की सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्यांचा हक्क मान्य करा, नाहीतर आम्ही आमच्या लोकांना संपातून बाहेर पडायला सांगू. पुढाऱ्यांनी नाखुशीने ती मागणी घेतली. मालकांसमोर ती गेली तेव्हा मालक हसले. हा अन्याय असेलही, पण त्याला आम्ही जबाबदार नाही, असे त्यांचे उत्तर होते.

हे उत्तर वरवर खरे आहे, आणि म्हणूनच ते धूर्त आहे. दोनाचे तीन साचे करताना मालकांनी कामगारांच्या भावना विचारल्या नव्हत्या. पगार कापताना विचारल्या नव्हत्या. गिरणीतला प्रत्येक नियम आपल्या हुकमाने बदलणारा मालक एवढ्या एकाच नियमापुढे हतबल कसा होतो? कामगार दोन खात्यांत, दोन जातींत वाटलेला राहणे त्याच्या सोयीचे होते. साम्यवादी मित्रांना राग येईल, पण हेही सांगितले पाहिजे, की वर्गाची एकजूट मागणाऱ्या पुढाऱ्यांनी ही मागणी स्वतःहून पहिल्या दिवशी मांडायला हवी होती.

जात ही कामाची नव्हे तर काम करणाऱ्यांची वाटणी आहे, हा बाबासाहेबांचा १९३६ मधला मुद्दा आपण धर्मशास्त्राच्या चर्चेत वापरतो. तो कारखान्याच्या फरशीवर नेऊन पाहा. कच्चे सूत आले तर साचेवाल्याने रिंगखात्यात जाऊन सांगायला हवे. ज्याच्या हातचे पाणी चालत नाही, त्याच्याशी बरोबरीने बसून दोषाची चर्चा कशी होणार? दोष कळवण्याची वाट जिथे जातीने अडली, तिथे उरतो तो दंड.

दंडावर पहिला कायदेशीर लगाम १९३६ च्या वेतन कायद्याने घातला. दंड रुपयामागे अर्ध्या आण्यापेक्षा जास्त नको, आणि नुकसानीची कपात करण्यापूर्वी कामगाराला आपले म्हणणे मांडू द्यावे, असे त्यात ठरले. विणकामखात्याच्या बंद दरवाजाबद्दल त्यात एक अक्षर नव्हते. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांसमोर बोलताना बाबासाहेबांना तो दरवाजा पुन्हा दाखवावा लागला.

नागोयामध्ये टोयोडांच्या जुन्या गिरणीत आज संग्रहालय आहे आणि तिथे तो १९२४ चा माग पाहुण्यांना चालवून दाखवतात. मुंबईत काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्रसंग्रहालयाचे काम महापालिकेने हाती घेतले आहे. तिथे धोटा मांडला जाईलच. त्याच्याखालच्या पाटीवर लाकूड कोणते आणि लांबी किती एवढेच लिहून चालणार नाही. या धोट्याला कोणाची तोंडे लागू दिली आणि कोणाची नाही, हेही त्या पाटीवर लिहावे, अशी आमची महापालिकेकडे मागणी आहे.