ओसरीवरची मंडळी

‘मंडळी’ हा मराठीतला भलताच मोकळा शब्द आहे. नाटक कंपनी ही मंडळी, पंगतीला बसलेले लोक ही मंडळी, आणि जुन्या काळचा नवरा बायकोबद्दल चारचौघांत बोलताना ‘आमची मंडळी’ म्हणायचा. मराठी बायबलात चर्चसाठी हाच शब्द आहे. चर्च म्हटलं की डोळ्यांपुढे इमारत येते: मनोरा, घंटा, बाकांच्या रांगा. मंडळी म्हटलं की माणसं येतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही ‘जमलेले लोक’ असाच आहे. तेव्हा भाषांतरकारांनी नेमकी गोष्ट पकडली, असं मला वाटतं.

पहिल्या पिढीतल्या ख्रिस्ती लोकांकडे इमारत नव्हतीच. पौलाच्या पत्रांत अक्विला आणि प्रिस्का या तंबू शिवणाऱ्या जोडप्याच्या घरी भरणाऱ्या मंडळीचा उल्लेख आहे, फिलेमोनाच्या घरच्या मंडळीचाही आहे. फिलिप्पै शहरात जांभळ्या कापडाचा व्यापार करणाऱ्या लुदियेच्या घरी लोक जमत. सीरियातल्या दुरा-युरोपोस या गावी उत्खननात तिसऱ्या शतकातलं एक घर सापडलं. प्रार्थनेला जागा हवी म्हणून त्यातल्या दोन खोल्यांमधली भिंत पाडलेली आहे. भिंत पाडूनही साठ-सत्तर माणसं दाटीवाटीनं बसतील, एवढीच ती जागा.

आता थेट आपल्या बुलढाण्याला येऊ. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजारांच्या आसपास होती आणि त्यात ख्रिस्ती लोक एक टक्क्याच्याही बरेच खाली. तालुके तेरा, काही घाटावर, काही घाटाखाली. हा हिशोब मांडला की एक गोष्ट लगेच लक्षात येते. सोलसारख्या शहरातल्या अवाढव्य चर्चमध्ये घरगुती गट हा मोठ्या यंत्रणेचा एक भाग असतो, म्हणजे आधी हजारो लोक आणि मग त्यांचे गट. आपल्याकडे उलटं आहे. तालुक्याच्या गावी ख्रिस्ती घरं मोजकी, पाळक दुसऱ्या गावी. तिथे गुरुवारी संध्याकाळी कुणाच्या तरी ओसरीवर बसणारी दहा माणसं हीच पूर्ण मंडळी असते.

मी स्वतः वारकरी घरातला, त्यामुळे हे समजून घेताना मला दिंडी आठवत राहिली. लाखोंची वारी आपण फोटोत पाहतो, पण वारकरी राहतो दिंडीत. दिंडीला विणेकरी असतो, एकत्र स्वयंपाक असतो, आणि कुणाला ताप आला तर तो सगळ्यात आधी दिंडीला कळतो.

या भागात प्रोटेस्टंट मिशन आलं ते कापूस आणि रेल्वेच्या वाटेनं. जलंब ते खामगाव हा फाटा १८७० साली सुरू झाला, कारण खामगावची कापसाची बाजारपेठ. पुढे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन संस्थेनं वऱ्हाडात काम उभारलं, मुख्य ठाणं अकोल्याला. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. बुलढाण्यात ते १९०५ साली आलं. ही संस्था ज्यांच्यामुळे निघाली त्या ए. बी. सिम्प्सन यांनी १८८१ मध्ये न्यूयॉर्कमधल्या मोठ्या, प्रतिष्ठित चर्चची नोकरी सोडली. नव्या कामाच्या पहिल्या बैठकीला सात माणसं आली होती. सात! आमच्या ऑफिसच्या सकाळच्या मीटिंगलाही याहून जास्त डोकी असतात.

१८९९-१९०० च्या दुष्काळानं वऱ्हाड होरपळला. मिशननं खामगावला मुलींचं आणि अकोल्याला मुलांचं अनाथालय चालवलं. मिशनचा इतिहास बहुतेक इथेच थांबतो: बंगला, शाळा, अनाथालय, बाप्तिस्म्यांचे आकडे. अहवाल अमेरिकेतल्या देणगीदारांसाठी लिहिले जात, आणि देणगीदाराला आकडा लागतो. एखाद्या घरात दर आठवड्याला चार बायका जमून काय बोलल्या, याचा रकाना त्या अहवालात नसायचा.

मला खरी गोष्ट तिथेच घडलेली दिसते. त्या काळी धर्म बदलणारा माणूस काय गमवायचा, ते पाहा. भावकी जायची. पंगत जायची. पोरीची सोयरीक कुठे करायची, हा प्रश्न उभा राहायचा. घरात मयत झाली तर खांदा कोण देणार? मिशन नोकरी देऊ शकत होतं, शाळा देऊ शकत होतं, पण गोऱ्या साहेबाचा बंगला भावकी देऊ शकत नाही. ती एकमेकांच्या घरी बसूनच तयार होते. बाई शिकलेली नसली तरी तिला ओसरीवर बोलता यायचं. चर्चमध्ये व्यासपीठ पुरुषाचं होतं, ओसरी मात्र तिची स्वतःची. मिशनच्या बोलीत ‘बायबल वुमन’ म्हणत त्या भारतीय बाया घरोघर जाऊन बायकांमध्ये बसत, वाचून दाखवत, ऐकून घेत. त्यांतल्या फार थोड्यांची नावं कुणी लिहून ठेवली.

अकोल्यात काम करणाऱ्या जेनी फुलर यांचं ‘द राँग्ज ऑफ इंडियन वुमनहुड’ हे पुस्तक १९०० साली निघालं. त्याची प्रस्तावना पंडिता रमाबाईंची आहे. रमाबाईंच्या केडगावात पुढे जे घडलं, ते आपल्या विषयाचं सर्वात ठसठशीत मराठी उदाहरण. १९०३ मध्ये रमाबाईंनी मुलगी मनोरमा आणि सहकारी मिनी अब्राम्स यांना ऑस्ट्रेलियाला पाठवलं. तिथे मेलबर्नमध्ये घरोघरी प्रार्थनेचे छोटे गट चालत, आणि त्यांचा शहरभर परिणाम झाल्याचं रमाबाईंच्या कानावर आलं होतं. १९०५ च्या सुरुवातीला त्यांनी मुक्ती मिशनमध्ये असाच एक गट सुरू केला. रोज सकाळी साधारण ७० जणी जमत. महिने गेले, संख्या ५५० वर गेली आणि दिवसातून दोनदा बैठक होऊ लागली. जूनअखेर तिथे जे मोठं जागरण झालं, त्याची चर्चा देशाबाहेरही पोचली. त्यात रडणं, ओरडणं, कबुल्या होत्या. कुणाला ते पवित्र वाटलं, कुणाला अतिरेकी. मला त्या गदारोळापेक्षा आधीचे सहा महिने महत्त्वाचे वाटतात. दुष्काळातून उचलून आणलेल्या, बालविधवा, टाकून दिलेल्या मुली. ज्यांना आजवर फक्त हुकूम मिळाले होते, त्या रोज सकाळी एकत्र बसून स्वतःच्या शब्दांत मोठ्यानं बोलत होत्या.

पण छोटा गट म्हणजे आपोआप चांगला असं नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं पाहा. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा कवी मिशनच्या पगारी चौकटीत कायम अस्वस्थ होता. मराठी माणसाला ख्रिस्त मराठीतून, भजन-कीर्तनातून भेटावा ही त्यांची धडपड. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही जागा होती. कल्पना त्या काळाच्या फार पुढची. १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले आणि दरबार फार टिकला नाही. टिळक मोठे होते, हीच अडचण असावी. एकाच माणसाभोवती बसलेले लोक हा गट नसतो, ते श्रोते असतात. याउलट लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचा. घरात सतत कुणी ना कुणी उतरलेलं, पोरकी मुलं, आजारी माणसं, पैशाचा पत्ता नाही, तरी चूल पेटलेली. त्या घराला कुणी संस्थेचं नाव दिलं नव्हतं.

गट टिकायला काय लागतं, याचं उत्तर मला इंग्लंडमधल्या एका कर्जात सापडलं. १७४२ मध्ये ब्रिस्टलला जॉन वेस्ली यांच्या मेथडिस्ट लोकांवर सभागृहाचं कर्ज होतं. कुणीतरी सुचवलं, प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी. पण बरेच लोक इतके गरीब की तेही जमेना. तेव्हा फॉय नावाचे एक कप्तान म्हणाले, सर्वात गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. त्यांना जमलं नाही तर मी भरीन. मग बारा-बारांचे गट पडले. पेनी गोळा करायला दारोदार गेलेल्या माणसाला घरात काय चाललंय ते दिसू लागलं: कोण पितोय, कोण उपाशी आहे, कुणाचं भांडण झालंय. वसुलीचा हिशोब बाजूला राहिला आणि आठवड्याला एकमेकांची विचारपूस हाच मेथडिस्टांचा कणा झाला. गावातला महिला बचत गट पाहिलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. पैसे दहा-वीस रुपयांनी जमतात, पण गैरहजर राहिलेल्या बाईच्या घरी संध्याकाळी कुणीतरी जाऊन येतं.

वेस्लीनं आणखी एक शहाणपण केलं. दर तीन महिन्यांनी प्रत्येकाची चौकशी व्हायची आणि मगच पुढचं तिकीट मिळायचं. गटप्रमुखांवरही वरून नजर असायची. ही नजर नसली की घरगुती बैठकीत काय होतं? एखादे काका दर आठवड्याला तासभर बोलतात, कुणाची तरी कौटुंबिक अडचण ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून गावभर होते, आणि पाळक इतका लांब असतो की तक्रार कुणाकडे करायची हेच कळत नाही.

घाटावरच्या एका तालुक्याच्या गावी मी मित्राबरोबर अशा बैठकीला बसलो आहे. सतरंजी, ढोलकी, ‘उपासना संगीत’च्या जिल्द सुटलेल्या दोन प्रती. एका निवृत्त नर्सबाईंच्या हातात सगळी सूत्रं. गाणी झाली, वाचन झालं, मग ‘साक्ष’. एक शेतमजूर म्हणाला, सोयाबीनचे पैसे आले, पोराची फी भरली. बस, एवढंच. सगळ्यांनी मान डोलावली. दारातून दोन शेजारी डोकावून गेले. घरात जमून प्रार्थना करणाऱ्यांकडे आजकाल संशयानं पाहिलं जातं, म्हणून नर्सबाई दार मुद्दाम उघडं ठेवतात. शेजाऱ्यांनाही चहा असतोच.

त्या दिवशी आम्ही अकरा जण होतो. तरुण असे मित्र आणि मी, दोघेही पुण्याहून सुट्टीला आलेले. बाकीच्यांची पोरं पुण्यात, नागपुरात, एकाची दुबईत. नर्सबाईंनी शेवटी एक वही काढली. कुणाच्या घरी, किती हजर, कोणतं गीत, कुणासाठी प्रार्थना, सगळं निळ्या शाईत, १९८७ पासून. त्यांच्या मुलाला ती स्कॅन करून हवी होती, त्यांनी माझ्याकडे वही दिली आणि म्हणाल्या, “नावं झाकजा बाबू, आजारपणं लिहेल हाय त्यात.”