पाटेक फिलिप १५१८
पाटेक फिलिप १५१८ हे जिनिव्हा येथील पाटेक फिलिप या स्विस कंपनीचे मनगटी घड्याळ होय. क्रोनोग्राफ (स्टॉपवॉचची सोय) आणि शाश्वत दिनदर्शिका एकत्र असलेले, नियमित उत्पादनातील हे पहिले मनगटी घड्याळ. इ.स. १९४१ ते १९५४ या काळात त्याचे केवळ २८१ नग तयार झाले. बहुतेक पिवळ्या सोन्याचे, काही गुलाबी सोन्याचे.

सुमारे ३५ मिलिमीटर व्यासाच्या या घड्याळाच्या तबकडीवर वार, महिना, तारीख व चंद्रकला दिसतात. महिन्याचे दिवस ३० की ३१ आणि फेब्रुवारीचे २८ की २९, हे यंत्र स्वतःच जाणते. मात्र घड्याळ बंद पडल्यास सारे पुन्हा जुळवावे लागते. क्रोनोग्राफचे मूळ यंत्र व्हालजू या कारखान्याचे असून त्यावरील संस्करण पाटेक फिलिपचे आहे.

१८३०च्या पोलिश उठावानंतर परागंदा झालेले अंतोनी पाटेक यांनी १८३९ मध्ये फ्रान्सिसेक चापेक यांच्यासह जिनिव्हात व्यवसाय आरंभिला. वेगळ्या किल्लीशिवाय चावी देण्याची रचना करणारे फ्रेंच कारागीर आद्रियाँ फिलिप पुढे भागीदार झाले व १८५१ मध्ये कंपनीला आजचे नाव मिळाले. महामंदीच्या काळात, १९३२ मध्ये, तबकड्या बनविणाऱ्या स्टर्न बंधूंनी ती विकत घेतली. १५१८ ही त्यांच्याच कारकिर्दीतील निर्मिती.

पोलादी १५१८ची अवघी चार घड्याळे ज्ञात आहेत. त्यांपैकी एकाला २०१६ च्या जिनिव्हातील लिलावात १.१ कोटी स्विस फ्रँकहून अधिक किंमत आली. येथे दुर्मीळतेने सोन्यालाही मागे टाकले.